सतरंजीची हजेरी

त्या दुपारी खोलीत एकेचाळीस माणसं होती. बायका सव्वीस, पुरुष तेरा, मांडीवरची मुलं दोन. पाण्याच्या कळश्या दोन, पेले सात. खिडक्या चार, त्यांतली एक कायमची बंद. सतरंजी एक: अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, निळ्यावर तांबडे पट्टे, मधोमध वीतभर ठिगळ. कागद शून्य. पेन शून्य. फोन शून्य.

शून्यंही मी मोजते. प्रयोगशाळेत लागलेली सवय आहे.

ही शून्यं द्रौपदाकाकूंनी आणली होती. पाचविहिरे गावात पाण्याची चळवळ त्यांनी उभी केली. गावाच्या पाच विहिरींपैकी तीन कारखान्याच्या पाण्याने पिवळ्या पडल्यावर चौथीच्या काठावर त्या एकट्या जाऊन बसल्या होत्या. तेव्हा मी शाळेत होते. त्यांचा नियम एकच: सभेला कोण आलं ते कुठेही लिहायचं नाही. "कागद आज ना उद्या बोलतो," त्या म्हणायच्या. "हजेरी मनात ठेवायची."

फोन पोपटशेठच्या गिरणीत ठेवायचे. गिरणीच्या घरघरीत फोनला काही ऐकू येत नाही. सभा संपली की लोक तिथे जाऊन "पीठ झालं का?" असं विचारायचे आणि पोपटशेठ पिशवीतून फोन काढून द्यायचे. बिचाऱ्यांच्या शर्टाच्या खिशात कायम कुणाचा तरी फोन वाजत असायचा.

सतरंजी मात्र प्रत्येक सभेला तीच. ती फक्त झटकायची, धुवायची नाही. एका उन्हाळ्यात कुणीतरी ती हौसेने धुतली आणि त्याच वर्षी आमचं उपोषण तिसऱ्या दिवशी मोडलं. तेव्हापासून "सतरंजी धुतली की चळवळ बसली" असं गावात सगळे म्हणायचे, मीसुद्धा. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी मला हसायच्या, "मित्रा एम.एस्सी. करून सतरंज्या उचलायला गेली." खरंच उचलायचे. चौदा महिने ती माझ्याच खांद्यावरून फिरली.

तीन वाजून वीस मिनिटांनी मागच्या दाराने बेचाळिसावा माणूस आत आला.

त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही. तो कारखान्याच्या सांडपाणी विभागात कामाला होता, कारखान्याच्याच चाळीत राहत होता, आणि त्याची मुलगी सात महिन्यांची होती. त्याला मीच बोलावलं होतं. तो सतरंजीच्या मागच्या कोपऱ्यात, ठिगळापासून साधारण आठ फुटांवर मांडी घालून बसला आणि खाली मान घालून तारखा सांगू लागला. कोणत्या दिवशी सांडपाण्याचा वाल्व तिसऱ्या विहिरीशेजारच्या बोअरमध्ये सोडला, किती तास सोडला, कुणाच्या हुकमाने सोडला. काकू प्रत्येक तारखेला तिथी जोडत होत्या. "म्हंजे दिव्याच्या आवसेला." "म्हंजे नागपंचमीच्या आदल्या दिशी." "पोळ्याला पण? बैल धुतले त्याच पाण्यात, मेल्यांनो!"

अकरा मिनिटांनी तो उठला आणि गेला. काकूंना चौदा तिथी पाठ झाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही प्रदूषणाची तक्रार दाखल केली. तीत चौदाही तारखा तासांसकट होत्या. तक्रार इतकी अचूक असावी याचा मला अभिमान वाटला. इतकी अचूक माहिती बाहेरच्या माणसाला असू शकत नाही, हे कारखान्याच्या वकिलांना वाचताक्षणी कळलं असणार. ते मला कळायला नऊ दिवस लागले.

नवव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी बेलिफ आला. कारखान्याने गोपनीय माहिती चोरीला गेल्याचा दावा लावला होता. बेलिफने दाराला आदेश चिकटवला आणि दमून पायरीवर बसला. काकूंनी त्याला पाणी दिलं. मी आदेश वाचत गेले. खोलीतल्या सतरा वस्तूंची यादी होती. सोमवारी सकाळी दहा वाजता कोर्ट कमिशनरांसमोर त्या वस्तूंवरच्या धुळीचे नमुने घेतले जातील. तोपर्यंत यादीतली कोणतीही वस्तू धुऊ, पुसू, झटकू, जाळू, फाडू वा हलवू नये. अकरा नंबरला लिहिलं होतं: सतरंजी, नग एक.

मी ती ओळ पुन्हा वाचली. काकू म्हणाल्या, "काय झालं गं? धूळच न्यायची ना? नेऊ दे की. झाडायचं काम वाचलं."

"काकू, धूळवाचक आणतायत."

"ते काय असतं?"

मी सांगितलं. इथे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला हजारो पेशी झडतात. त्या मेलेल्या असतात आणि बहुतेक रिकाम्या असतात, पण हजारांत एखाद-दुसरीत डीएनएचे तुकडे शिल्लक राहतात. घरातल्या धुळीत अशा पेशी भरपूर सापडतात हे जुनंच ज्ञान आहे. अडचण होती ती मिसळीची. चाळीस जणांचा डीएनए एकत्र वाचणं म्हणजे चाळीस जण एकदम बोलत असताना एकाचं वाक्य वेगळं काढणं. धूळवाचकाने ती अडचण संपवली. तो धूळ पाण्यात मिसळतो, ते पाणी तेलात सोडून त्याचे लाखो बारीक थेंब करतो, आणि प्रत्येक थेंबात एकच पेशी कोंडतो. मग एकेका थेंबातली पेशी वेगळी वाचतो. गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र खोलीत नेऊन नाव विचारावं, तसं. एका नमुन्यातून तो दहा हजार पेशी वाचतो. एका माणसाच्या दोन पेशी सापडल्या की तो माणूस तिथे होता असं मानतात. एक सापडली तर मानत नाहीत. ती कपड्यांवरून किंवा हवेतून आलेली असू शकते.

नाव कळायला मात्र जुळवायला काहीतरी लागतं. गावकऱ्यांच्या नोंदी कुणाकडे नव्हत्या. कारखान्याकडे त्याच्या दोनशे चार कामगारांच्या होत्या. दरवर्षी आरोग्य तपासणीत बोटातून रक्ताचा थेंब घेत, त्याच्या.

हे यंत्र ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथेच मी एम.एस्सी.चा प्रकल्प केला होता. भूकंपात ढिगाऱ्याखाली कोण होतं ते शोधायला हे यंत्र उपयोगी पडेल, असं आम्ही म्हणायचो. कोणत्या पृष्ठभागावर पेशी किती टिकतात, हा माझा विषय. फरशी, लाकूड, प्लास्टिक, सुती सतरंजी. सुती सतरंजी फरशीच्या नऊपट पेशी धरून ठेवते आणि त्या साधारण चाळीस दिवस वाचता येतात. हे दोन्ही आकडे माझे आहेत. अख्खा पावसाळा मी ते मोजत होते. मग इथे आले आणि चौदा महिने लोकांना सतरंजीवर बसवत राहिले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग सतरंजीकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्सं ही हजेरी घेत व्हती."

दोन वर्षांपूर्वी कारखान्यातला एक मुलगा पत्रकाराशी बोलला होता. त्याचं नाव एकनाथ. पंधरा दिवसांनी तो सांडपाण्याच्या टाकीत सापडला. पाय घसरून पडला असं पंचनाम्यात लिहिलं होतं. टाकीचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो. मी जाऊन मोजला आहे.

शुक्रवारी सकाळी गिरणीत बेचाळिसावा भेटला. ज्वारीची पिशवी घेऊन तो रांगेत माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी पुढेच बघत राहिले.

"सोमवारी येणारेत म्हणं."

"हो."

"मी बसलो व्हतो."

"अकरा मिनिटं."

"किती निघंल माझं?"

मी रात्रीच गणित केलं होतं. चाळीस दिवसांत नऊ सभा झाल्या, दर सभेला चाळीस माणसं, दीड-दीड तास. एक माणूस एक मिनिट बसला तर एक धरायचं. असे बत्तीस हजार चारशे होतात. त्यांतले त्याचे अकरा. दहा हजार पेशींत त्याचा वाटा तीन पूर्णांक चार.

"साडेतीन पेशी," मी म्हणाले.

"अर्धी कशी निघंल?"

"सरासरी आहे."

तो जरासा हसल्यासारखा झाला. घरघर चालूच होती. मग म्हणाला, "बायकोला सांगितलं न्हाई अजून. पोरीला दात येतायत, ती रात-रात जागी असती." जात्यातून पडणारं पीठ आम्ही दोघं बघत राहिलो. "चाळ सोडून गेलो तर?"

"तर नमुना न घेताच त्यांना कळेल."

"व्हय. तेबी खरं." त्याचा नंबर आला. पोपटशेठ म्हणाले, "बारीक की जाडं?" तो म्हणाला, "नेहमीसारखं." पिशवी मात्र त्याने सोडली नाही. पोपटशेठनी ती चटकन काढून घेतली.

मी पळत खोलीवर काकूंकडे गेले. "जाळून टाकू या सतरंजी. मी जाते तुरुंगात."

"तू जाशील. तक्रार बी जाईल तुझ्याबरोबर. पुरावा जाळणाऱ्यांची तक्रार कोण ऐकतंय? अन तिनंबी विहिरी तशाच." काकूंनी चष्मा लावला आणि दारावरचा आदेश बोट फिरवत पुन्हा वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. मी थांबले. "धुऊ नये. पुसू नये. झटकू नये. जाळू नये. फाडू नये. हलवू नये." त्या वळल्या. "मित्रा, बसू नये असं कुठं लिहिलंय?"

माझ्या डोक्यात आकडे धावायला लागले. सतरंजीवर दाटीवाटीने ऐंशी माणसं मावतात. रोज बारा तास, तीन दिवस. एक लाख बहात्तर हजार आठशे. जुने मिळवून दोन लाखांवर. त्याचा वाटा साडेतीन पेशींवरून अर्ध्या पेशीवर येतो. दोन पेशी सापडण्याची शक्यता दहात एक.

दहात एक हा आकडा मोठा वाटत होता की लहान, ते मला ठरवता येईना. टाकीच्या कठड्याशी उभं राहिलं की दहात एक फार मोठा असतो.

दुपारी दोनला काकूंनी सभा बोलावली. अडतीस जण आले. मी उभी राहून सगळं सांगितलं. यंत्र कसं वाचतं, दोन पेशी, रक्ताचा थेंब. कुणासाठी करतोय ते सांगितलं नाही. आणि एक गोष्ट लपवता आली असती ती लपवली नाही: यंत्र नातंही ओळखतं. सख्ख्या भावाबहिणींच्या निम्म्या खुणा सारख्या असतात. आई आणि मुलाच्याही. बाई बसली तर तिच्या कामगार भावाकडे बोट जाऊ शकतं.

"माझा दीर हाय कारखान्यात," पहिल्या रांगेतल्या सुमन म्हणाल्या. "मी बसले तर त्याचं नाव निघंल?"

"दीर तुमच्या रक्ताचा नाही. त्याला धोका नाही. पण तुमचा मुलगा बसला तर निघेल. तो त्याचा पुतण्या."

"म्हंजे सुना बसल्या तर चालतंय, लेकी नाय?"

"हो, साधारण तसंच."

"घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं. "पहिल्यांदाच सासर कामाला आलं."

बायका हसल्या. ते हसू जेमतेम चार सेकंद टिकलं. मग शेवंताबाई उठल्या. एकनाथच्या आई. त्यांचा धाकटा मुलगा अजून कारखान्याच्या बॉयलरवर आहे. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पदर सावरला, चपला घातल्या आणि गेल्या. त्यांच्यामागे दोघी उठल्या. मग पाच. मग माझं मोजणं त्यांच्यापेक्षा हळू पडलं. पाच मिनिटांनी सतरंजीवर चौदा माणसं होती.

"तुम्हीच सांगितलंत ना सगळं," एक म्हातारे उठता उठता मला म्हणाले. त्यात राग नव्हता. "चांगलं केलंत. पण आता बसणार कोण, ताई?"

चौदा जण संध्याकाळपर्यंत बसले. शनिवारी सकाळी नऊच आले.

शनिवारी दुपारी मी काकूंना म्हणाले, "वरच्या आळीत बारसं आहे. दोनशे माणसं येतील. आपण म्हणू की सतरंजी हलवता येत नाही, बारसं इथेच करा. जागा मोठी आहे, फुकट आहे. येतील."

"त्यांला सांगणार का, कशापायी बसवतोय ते?"

मी दारावरच्या आदेशाकडे बघितलं.

"बाळाच्या आत्याचा नवरा कारखान्यात. आत्येभाऊ पण. पाळण्याची दोरी धरून ती बाई नाव घेईल, अन सोमवारी तिच्या पोराचं नाव कागदावर निघंल." काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग बराच वेळ हातात धरली. "राहू दे बारसं त्यांच्याकडं."

"मग तो मरेल, काकू."

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला भीती वाटली. द्रौपदाकाकूंना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शेंग फोडली. आतले दाणे पोचट निघाले.

चारच्या सुमाराला शेवंताबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मला विचारलं, "जो कोण हाय, तो एकलाच बसला व्हता का? कारखान्यातला?"

"मला सांगता येणार नाही, मावशी."

"एकलाच व्हता म्हंजे."

मी गप्प राहिले. हे गप्प राहणंही उत्तरच होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"माझा एकनाथ पण एकलाच व्हता," शेवंताबाई म्हणाल्या. "एकला असला का सापडतो." आणि वळून निघून गेल्या.

काकू बराच वेळ रिकाम्या दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी टोपली बाजूला सारली.

"मित्रा, उद्या तू इथं थांबू नको."

"का?"

"तू मोजतीस."

"मोजायला नको?"

"तुला ठावं असलं तर तुला इचारतील. कोर्टात उभी करतील, तुला खोटं बोलता येत न्हाई. माझं काय, मला म्हातारीला धड दिसत न्हाई." त्यांनी चष्मा काढून कनवटीला खोचला. "कळलं?"

रविवारी सकाळी सातला मी गिरणीत जाऊन बसले. रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. पोपटशेठनी मला पिठाच्या कोठीशेजारी पोतं अंथरून दिलं.

"फोन ठेवणार कुठे?" मी विचारलं.

"ह्या कोठीत. झाकण लावतो." त्यांनी हात पुसले. "अन तू बघायचं न्हाई, काकूनी सांगितलंय. किती टाकले ते मला बी मोजायचं न्हाई."

"दळण आहे का आज?"

"एक बी न्हाई." आणि त्यांनी गिरणी चालू केली. दिवसभर ती रिकामी फिरली. दगडावर दगड घासून जळका वास येत होता. दर थोड्या वेळाने ते मूठभर ज्वारी टाकायचे, दगड राहावा म्हणून.

दहाच्या सुमाराला ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "फाट्यावर पांढरी गाडी थांबलीय. कारखान्याची."

"लोक तिच्यासमोरून येतायत?"

"मला काय दिसतंय इथनं? पण ओढ्यानं बी वाट हाय."

मग मला काही कळलं नाही. भीतीला आकडा नसतो तेव्हा ती कशी वाढते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मोजता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आठ जण आले, आठवर थांबले, शक्यता इतकी, असं काहीतरी हातात आलं असतं. आता मागे पावलं वाजायची, कोठीचं झाकण उघडायचं आणि बंद व्हायचं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, गाडीतले उतरून आले. एकदा कुणीतरी माझ्या अगदी मागे उभं राहिलं. त्याच्या कपड्यांना विद्रावकाचा वास होता, कामगारांच्या अंगाला येतो तो. मी भिंतीवरचा एकच पोपडा बघत राहिले. मग तो वास गेला. कोठीत फोन एकावर एक थरथरत होते, पिठात पाय आपटणाऱ्या किड्यांसारखे.

सातला पोपटशेठनी गिरणी बंद केली. इतकी शांतता झाली की माझे कान दुखले.

मी धावत खोलीकडे गेले. खोली रिकामी होती. सतरंजी जागच्या जागी, पट्टे जरा वाकडे झालेले. काकू दारात बसल्या होत्या. त्यांचा चष्मा अजून कनवटीला होता.

"कोण आलं?" माझ्या तोंडून निघालंच.

त्यांनी माझा हात धरून सतरंजीवर टेकवला. ऑक्टोबरची संध्याकाळ होती, फरशी थंड पडली होती.

सतरंजी गरम होती.

सोमवारी दहाला व्हॅन आली. कोर्ट कमिशनर म्हणून नेमलेल्या वकीलबाई, कारखान्याचे दोन वकील, आणि यंत्र चालवायला माझ्याच प्रयोगशाळेतला एक मुलगा, पांढऱ्या सूटमध्ये, तोंडावर मुखपट्टी. त्याने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्याने सतरंजीवर धूळ ओढणारी नळी फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यातच गाळणीची पिशवी भरली. त्याने ती बदलली. दुसरीही भरली. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

कारखान्याच्या वकिलाने ते पाहिलं. "मॅडम, हे उघड आहे. आदेशानंतर या वस्तूशी छेडछाड झाली आहे."

वकीलबाईंनी काकूंना विचारलं, "सतरंजी धुतलीत?"

"न्हाई."

"झटकली? पुसली? हलवली?"

"न्हाई, बाई. बसलो."

"कोण बसलं?"

"मला दिसत न्हाई नीट."

"पण बसलात कशाला?" वकिलाचा आवाज चढला.

काकूंनी त्याच्याकडे खरोखर नवलाने पाहिलं. "सतरंजीवर आणखी काय करत्यात, साहेब?"

वकीलबाई आदेश दोनदा वाचून म्हणाल्या, "नमुना सीलबंद करा."

त्यानंतरचे अकरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाळी बदलायच्या वेळी कारखान्याच्या फाट्यावर चहा पीत बसायचे. बेचाळिसावा सायकलवरून जायचा. माझ्याकडे बघायचा नाही. मी त्याच्या सायकलीच्या घंटीचा आवाज ओळखायला शिकले. आठव्या दिवशी सकाळी तो आला नाही. मी तीन चहा घेतले, मग चाळीच्या बाजूला चालत गेले. चाळीच्या नळावर त्याची बायको मुलगी कडेवर घेऊन उभी होती. मुलीच्या हिरडीवर पांढरा ठिपका दिसत होता. "दात आला," ती शेजारणीला सांगत होती. "रातभर बाप घेऊन फिरत होता. आज दुसऱ्या पाळीला जाणार आहे."

मी परत फिरले. फाट्यावर येईपर्यंत मी पावलं मोजत होते. तीनशे बारा.

बाराव्या दिवशी अहवालाची प्रत आम्हाला मिळाली. काकूंनी चष्मा लावला, मग काढून माझ्याकडे दिला, जणू तो मलाच लागणार होता. "वाच."

मी वाचला. नमुना: सतरंजी, नग एक. वाचलेल्या पेशी: दहा हजार. वेगळ्या व्यक्ती, प्रत्येकी किमान दोन पेशी: सहाशे बावन्न. कारखान्याच्या आरोग्यनोंदींत असलेले एकूण कामगार: दोनशे चार.

त्यांपैकी सतरंजीवर आढळलेले: एकशे एकोणनव्वद.